मंजूर व्हावे, ही नम्र विनंती

गव्हाच्या कोठीचं झाकण उघडलं की आमच्या घरात ऑक्टोबर शिरतो. कॅलेंडर काहीही म्हणो. आत गव्हाच्या पोटात सीताफळं पुरलेली असतात, आणि त्यातलं एखादं जरी पिकलं तरी असा वास सुटतो की गल्लीच्या तोंडाशी चाललेली रिक्षा थांबते, रिक्षावाला मान बाहेर काढून नाक वर करतो आणि मागं बसलेल्या सवारीला विसरून आमच्या दारात येऊन उभा राहतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सुलभा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणतात की ती रिक्षा शेजाऱ्यांच्या पाहुण्यांना सोडायला आली होती. असेल. पण रिक्षावाल्यानं नाक वर केलं होतं, एवढं मी शपथेवर टाइप करून द्यायला तयार आहे.

टाइप करून देणं हा माझा धंदाच आहे. औरंगपुऱ्यात एका सरकारी कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल असतं. आधी त्यावर टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. चाळीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहितोय. विहिरीचे, विजेचे, बदलीचे, वारसाचे, आडनाव दुरुस्त व्हावं म्हणून आणि दुरुस्त झालेलं पुन्हा बिघडावं म्हणून. माझे सगळे अर्ज एकाला एक चिकटवले तर दौलताबादचा किल्ला पायथ्यापासून शेंड्यापर्यंत गुंडाळता येईल, आणि उरलेल्या कागदात वेरूळची लेणी पावसाळ्यापुरती झाकून ठेवता येतील. टाइपरायटरच्या काळात मी जेवायला उठलो की भिंतीवरची कबुतरं एकदम उडायची. आवाजानं नव्हे, शांततेनं दचकून.

माझ्या टेबलाला खेटून शब्बीरभाईंचं शिलाईचं दुकान. दुकान म्हणजे एक माणूस, एक पायमशीन आणि भिंतीवर टांगलेल्या पँटी. तेही राहायला आमच्याच गारखेड्यात, त्यामुळं सकाळी माझ्या स्कूटरवर मागं बसून यायचं आणि संध्याकाळी मागं बसून जायचं, हा पंचवीस वर्षांचा रिवाज. मी कितीदा म्हणालो, "शब्बीरभाई, मशीनला मोटर लावून घ्या." ते दातात दोरा धरून म्हणायचे, "लाइट जाती मियाँ. पाँव कां जाते?"

आमची बसण्याची जागा शेजारी-शेजारी असल्यामुळं मला त्यांच्या मशीनची लय पाठ आहे. दोन्ही पायांनी पायटा दाबला की खडखड कशी सलग येते, पावसात पत्र्यावर येते तशी. गेल्या वर्षी गणपती उठले आणि ती लय लंगडी झाली. खड, मग थांबून खड. मी डोकावून पाहिलं तर उजवा पाय चपलेतून बाहेर, वर फडकं गुंडाळलेलं. साखर त्यांच्या अंगात जुनी भाडेकरू, पण आता तिनं अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम करून भिंत पाडायला घेतली होती.

सीताफळाचा मोसम आणि शब्बीरभाईंची साखर यांचा एक करार आहे, तो आधी सांगतो. करार घडवून आणणाऱ्या आमच्या गल्लीतल्या दवाखान्यातल्या वाघमारे सिस्टर. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक बाक आणि एक पंखा. पंखा इतका निवांत फिरतो की पात्यावर बसलेली माशी झोप काढून उठते. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतात. सिस्टर रोज असतात. टेबलामागच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिला रोज सकाळी एक फूल, आणि मग पहिला पेशंट. सिस्टरचा नियम असा की शब्बीरभाईंनी साखर नीट सांभाळली तर मोसमात एकदा, त्या सांगतील त्या दिवशी, एका सीताफळाचा एक गर खायचा. एकच. एका बीचा. शब्बीरभाई तो गर तोंडात ठेवून असे डोळे मिटायचे की वाटावं, निजामाच्या काळातली मेजवानी चालू आहे. त्या एका बीवर ते पाऊण तास काढत. सिस्टर ओरडायच्या, "अहो थुका आता! लई झालं! रांग लागलीय बाहेर!"

तर गेल्या वर्षी पट्टी सुरू झाली. रोज सकाळी दवाखान्यात जायचं, सिस्टर जखम धुणार, औषध लावणार, पट्टी बांधणार, मग मी स्कूटरला किक मारणार. रोज म्हणजे रोज. सिस्टरनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "शब्बीरभाई, एक दिवस चुकला तर बोट जाईल. आठ दिवस चुकले तर मला इचारू नका काय काय जाईल." शब्बीरभाई म्हणाले, "हौ सिस्टर." आणि त्यांनी खरोखर एक दिवस चुकवला नाही. दिवाळीच्या धामधुमीत अख्ख्या शहराच्या पँटी अडकल्या असतानाही नाही.

आणि तेव्हाच पेपरात बातमी आली की आरोग्यसेवेचा नवा कायदा येतोय. नागपूरच्या अधिवेशनात एका दिवशी मांडायचा आणि दुसऱ्या दिवशी मंजूर करायचा, असा बेत होता. आम्हा औरंगपुऱ्यातल्या विद्वानांना त्याचं कौतुकच वाटलं. आमच्याकडं साधी उताऱ्याची नक्कल मिळायला सहा महिने लागतात आणि हे बघा! पण वाघमारे सिस्टर वेगळ्या मातीच्या. त्यांचे वडील खेड्यात मजुरी करायचे, चळवळीत अक्षर शिकले, आणि घरात त्यांनी एक दंडक घातला: वाचल्याशिवाय कशावर अंगठाही उठवायचा नाही, सही तर लांबच. सिस्टरनी तो मसुदा मोबाईलवर मिळवला आणि दुपारी पेशंट ओसरले की दहा-दहा पानं वाचायला लागल्या. मसुदा एवढा मोठा की तो उघडल्यावर मोबाईल गरम व्हायचा आणि सिस्टर त्यावर हात शेकायच्या. नवव्या दिवशी त्यांना ते कलम सापडलं.

मी आणि शब्बीरभाई बाकावर बसलेलो. सिस्टरनी चष्मा कपाळावर नेला. "भाऊ, ऐका. मोठ्या रुग्णालयापासून ठरावीक अंतरातले छोटे दवाखाने एकत्र करणार म्हणं. म्हंजे आपल्या दाराला कुलूप. गोळी, सुई, पट्टी, समदं मोठ्या इमारतीत. आणि तिथं जायच्या आधी मोबाईलवर नोंद करायची, अंगठा लावून."

शब्बीरभाईंनी आपला अंगठा वर करून पाहिला. चाळीस वर्षं सुई, कात्री आणि इस्त्री यांनी तो असा घासला होता की त्यावर रेषच उरली नव्हती. रेशन दुकानातलं यंत्र त्यांचा अंगठा पाहिला की आपणहून बंद पडतं.

"मोठी इमारत वाईट नाय," सिस्टर म्हणाल्या. "ऑपरेशन तिथंच व्हावं. कायद्यात चांगल्याबी गोष्टी हायत, मी वाचल्या. पण रोजच्या पट्टीला दोन रिक्षा बदलून जायचं आन् रांगेत हुभं राहायचं, ह्या पायावर? दोन दिवसांत मंजूर केलं तर यातलं चांगलं कोणतं आन् वाईट कोणतं, हे निवडणार कोण?"

मी उभा राहिलो. छाती पुढं काढली. "सिस्टर, अर्ज करू. आमदारसाहेबांना. त्यांनी तिथं उठून विरोध करायचा, निदान थांबवायचं. अर्ज माझा, सह्या लोकांच्या. सरकार हलेल."

आमदारसाहेब कोण, ते सत्तेत होते की विरोधात, हे मी सांगणार नाही. एक तर ते अधूनमधून बदलतं, आणि दुसरं म्हणजे आमची त्यांच्याशी जुनी ओळख. ते कॉलेजात असताना शाळेचं मैदान क्रिकेटला मिळावं म्हणून त्यांनी आयुष्यातला पहिला अर्ज माझ्याकडून टाइप करून घेतला होता. तेव्हाच मी त्यांना माझ्या धंद्याचं गुपित शिकवलं होतं: साहेब लोक फक्त शेवटची ओळ वाचतात, म्हणून जे मागायचं ते शेवटच्या ओळीत मागायचं. पोरगा हुशार, त्यानं ते आयुष्यभर लक्षात ठेवलं. पुढं स्वतः साहेब झाल्यावरसुद्धा.

आता वेळ कुठं होता? साहेब दोन दिवसांत नागपूरला निघणार होते. सिस्टर म्हणाल्या, "मी सरकारी नोकर, मला सही करता येत नाय. पण द्यायच्या आधी कागद मला दाखवा." मी म्हणालो, "सिस्टर, तुम्ही सुया टोचा. चाळीस वर्षं झाली मला. त्यात वाचण्यासारखं काय असतं?"

हे वाक्य मी उच्चारलं. दवाखान्याच्या चार भिंती साक्षीला आहेत.

दोन पानं अशी झणझणीत टाइप केली की कॉम्प्युटरच्या पंख्यातून वाफ यायला लागली. छोट्या दवाखान्याचं महत्त्व, शब्बीरभाईंचा पाय, त्यांचा अंगठा, घाईचे तोटे. आणि सह्यांसाठी मी जो मुहूर्त निवडला त्याला तोड नाही: नळाला पाणी येण्याचा दिवस. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, ते पाहुण्यासारखं आठवड्यानं येतं, आणि आलं की माणसं लग्नं अर्धवट सोडून घरी धावतात. त्या दिवशी गारखेड्यात प्रत्येक दारात माणूस सापडतो, आणि तो जागचा हलत नाही, कारण हातात पाइप असतो. मी दारोदार कागद धरायचो, लोक एका हातानं टाकी भरायचे आणि दुसऱ्यानं सही करायचे. "कशाबद्दल आहे?" एवढं विचारणारेसुद्धा थोडे. "दवाखान्याबद्दल" म्हटलं की झालं. ओल्या सह्यांचा ढीग जमला. मी म्हणतो पाच हजार. सिस्टर म्हणतात तीनशे बारा, त्यांनी नंतर मोजल्या.

आमदारांकडं रिकाम्या हातानं कसं जायचं? छावणीच्या बाजारातून सीताफळांची टोपली उचलली. विकणारी बाई म्हणाली, "मामा, ही कच्ची हायत, परवा नवीन माल येणार." मी म्हटलं, "बाई, परवा आमचे आमदार नागपुरात असणार." टोपली स्कूटरच्या पुढं, शब्बीरभाई मागं, अर्ज माझ्या शर्टाच्या आत, अशी आमची स्वारी संपर्क कार्यालयात दाखल झाली.

साहेबांनी मला पाहून "काका!" अशी हाक मारली. अर्ज घेतला. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, शेवटाला गेले, वाचलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की भिंतीवरचा त्यांचाच फोटो त्यापुढं उदास दिसायला लागला. "काका, तुम्ही फार मोठा आधार दिलात. एवढ्या सह्या! मी हे सभागृहात दाखवणार." त्यांच्या स्वीय सहायकानं आमचे फोटो काढले. मी अर्ज धरलेला, शब्बीरभाई टोपली धरलेले. चहा आला, बिस्किटं आली. परतताना मी स्कूटरवरून दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना हात करत आलो. औरंगपुऱ्यात मी जाहीर केलं की मी सरकार हलवलंय; फक्त त्याचा आवाज नागपूरहून इथं पोचायला दोन दिवस लागतील.

दुसऱ्या दिवशीच पोचला. सकाळी पट्टीला गेलो तर सिस्टर मोबाईल डोळ्यांजवळ धरून बसलेल्या. सहायकानं तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरवला होता, खाली मजकूर: गारखेड्यातील नागरिकांचा नव्या आरोग्य कायद्याला जाहीर पाठिंबा. सोबत सह्यांच्या कागदांचे फोटो, आणि अर्जाच्या शेवटच्या पानाचाही फोटो. सिस्टरनी दोन बोटांनी तो मोठा केला आणि माझ्यापुढं धरला.

"भाऊ, हे काय टाइप केलंय?"

मी वाचलं. "तरी वरील सर्व बाबींचा सहानुभूतीने विचार करून सदर विधेयक तात्काळ मंजूर व्हावे, ही नम्र विनंती."

चाळीस वर्षं माझा प्रत्येक अर्ज 'मंजूर व्हावा, ही नम्र विनंती' असाच संपलाय. नामंजूर व्हावं म्हणून अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी कधी कुणी आलाच नव्हता. दोन पानं मी लिहिली. शेवटची ओळ माझ्या बोटांनी मला न विचारता लिहून टाकली. वर 'तात्काळ' ही त्यांच्या पदरची भर.

आधी शब्बीरभाई हसले. असे हसले की बाक हलला, बाकावरची एक म्हातारी आपला ताप विसरून हसायला लागली. मग ते एकदम थांबले. सिस्टरच्या मांडीवर ठेवलेल्या आपल्या पायाकडं बघून म्हणाले, "कुलकर्णीसाब, तो अब मेरा पाँव भी मंजूर हो गया क्या?"

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला, तो पंखा आवाज करतो हेच मला माहीत नव्हतं.

सिस्टर रागावतील असं वाटलं. त्या पट्टीचं शेवटचं टोक चिकटवत म्हणाल्या, "माझ्या बापाला आज लई हसू आलं असतं. अहो भाऊ, एवढी माणसं. वाचलं एकानं बी नाय. लिहिणाऱ्यानं बी नाय, घेणाऱ्यानं बी नाय." मग उठून हात धुतले. "उद्या माझी सुट्टी हाय. चला तिघं. कागद नको. असंच जाऊ."

घरी सुलभानं ऐकून घेतलं आणि कोठीचं झाकण लावत एवढंच म्हणाली, "तुम्हाला सीताफळ ठेवून मिनिट झालं की दाबून बघायची सवय. माणसाला धीर म्हणून नाही." हे मला लागलं. खरं असतं तेच लागतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गर्दी होती. आम्ही नऊला जाऊन बसलो. दहा वाजले, साडेदहा वाजले. आत बॅगा भरणं चाललं होतं. अकराच्या ठोक्याला सिस्टरनी पिशवीतून आपला डबा काढला, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि म्हणाल्या, "शब्बीरभाई, पाय इकडं." पट्टीची वेळ टळत चालली होती, आणि ती वेळ त्यांच्या लेखी आमदारांपेक्षा मोठी होती.

सहायक धावत आला. "अहो मॅडम, हे काय? इथं दवाखाना आहे का?"

"नाय ना," सिस्टर पट्टी सोडवत म्हणाल्या. "आन् तिथं बी राहणार नाय. म्हणूनच आलोय."

गर्दी गोल झाली. औषधाचा वास पसरला. तेवढ्यात साहेब बाहेर आले, आधी वासाकडं आणि मग पायाकडं बघितलं. माणूस तोंड फिरवतो तसं त्यांनी फिरवलं. आणि मग, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, परत वळवलं.

"हे रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज," सिस्टर म्हणाल्या. "पहिल्या दिवशी जखम रुपयाएवढी व्हती. आता चण्याएवढी हाय. अजून दोन-तीन महिने रोज."

मी पुढं झालो, घसा साफ केला. "साहेब, तो अर्ज. त्यातली शेवटची ओळ चुकली. वरची दोन पानं खरी आहेत."

"म्हणजे पाठिंबा नाही?"

"विरोध आहे."

ते माझ्याकडं बघत राहिले. "काका, तुम्हीच शिकवलंत की शेवटची ओळ वाचायची."

"हो. आणि मी ती शेवटची ओळसुद्धा वाचली नाही."

हशा झाला. साहेबही हसले, पण हसता हसता त्यांचा आवाज खाली आला. "तुमच्या सीताफळांचंही तसंच झालं काका. आईनं तांदळात घातली होती. पिकायचं चिन्ह नाही, काळी पडून दगड व्हायला लागलीत. आई म्हणाली, घाईनं तोडलेली दिसतात."

सिस्टरनी वर न बघता विचारलं, "साहेब, तुम्ही वाचला का तो कायदा?"

कार्यालयात इतकी शांतता झाली की माझी जुनी कबुतरं तिथं असती तर उडाली असती. साहेब म्हणाले, "सारांश वाचला. खरं सांगतो. आम्हाला सारांशच मिळाला."

"मग बघा," सिस्टर म्हणाल्या, "तीनशे बारा लोकांनी न वाचता सही केली आन् ह्यांचा पाय जाता जाता राहिला. कुलकर्णी भाऊ वाईट माणूस नाय. गल्लीतले लोक बी वाईट नाहीत. घाई व्हती, नळाला पाणी व्हतं. तुमच्या तिथं बी वाईट माणसंच बसलीत असं मी म्हणत नाय. पण आमची चूक आम्ही दुसऱ्या दिवशी इथं येऊन सांगितली. तुमची चूक सांगायला कुणाच्या दारात जायचं?"

साहेब वळले. सहायकाला म्हणाले, "तो पूर्ण मसुदा छापून घे. गाडीत ठेव." आणि शब्बीरभाईंना हात देऊन उठवलं.

पुढचं आम्ही दवाखान्यात सिस्टरच्या मोबाईलवर पाहिलं, अकरा माणसं एका पडद्याभोवती. मी पन्नास सांगत असतो. आमचा माणूस उभा राहिला. हातात ती जाडजूड चळत, कडेनं रंगीत चिठ्ठ्या लावलेली. तो म्हणाला की मी हे पूर्ण वाचलंय, वाचायला तीन दिवस लागले, डोळे दुखताहेत, आणि ज्यांनी वाचलं नसेल त्यांना वाचायला वेळ मिळावा म्हणून मी या घाईला विरोध करतो. थोडा गोंधळ झाला. आणखी चार-दोन जण उठले. वेगवेगळ्या गावांहून, वेगवेगळ्या बाकांवरचे. त्यांच्याही गावी कुणी सिस्टर असणारच. शेवटी विधेयक समितीकडं गेलं. मी आजही औरंगपुऱ्यात सांगतो की ते मी थांबवलं. सिस्टर म्हणतात, बऱ्याच ठिकाणांहून लोक बोलले म्हणून थांबलं. दोन्ही खरं असू शकतं. माझं थोडं जास्त.

आता वर्ष होऊन गेलं. विधेयक अजून समितीत आहे. कोठीचं झाकण मी दिवसातून तीनदाच उघडतो आणि सीताफळ दाबत नाही, नुसता वास घेतो. सुलभा म्हणते ही माझी सुधारणा कागदावरचीच आहे, कारण परवा एका सीताफळाला माझ्या अंगठ्याची खूण सापडली. मी म्हटलं, निदान माझा अंगठा उमटतो तरी.

समितीनं लोकांच्या सूचना मागवल्यात, म्हणून परत अर्ज आहे. या वेळी तो आठ दिवस चाललाय. रोज मी दोन परिच्छेद दवाखान्यात नेतो, सिस्टर मोठ्यानं वाचतात, बाकावरचे लोक मध्येच बोलतात. एका आजीनं सुचवलं की यंत्राला अंगठा ओळखता आला नाही तर माणसानं माणसाला ओळखावं, असं लिहा. लिहिलं. एकानं सांगितलं की कायद्यातली फिरत्या गाडीची गोष्ट चांगली आहे, ती ठेवा. तेही लिहिलं. सह्यांच्या आधी प्रत्येकाला पूर्ण वाचून दाखवायचं ठरलंय, त्यामुळं पाणी येण्याच्या दिवशी सह्या घ्यायच्या नाहीत असा ठराव झाला. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत संथ अर्ज. आणि गंमत अशी की मला तो संपू नये असं वाटायला लागलंय.

काल फक्त शेवटची ओळ राहिली होती. माझी बोटं आपोआप 'म'वर गेली. मी ती उचलून मांडीवर ठेवली आणि म्हणालो, "शब्बीरभाई, तुम्ही सांगा."

ते बोलण्याच्या स्थितीत नव्हते. सिस्टरनी कालचा दिवस नेमून दिला होता, आणि त्यांच्या तोंडात या मोसमाचा गर होता. डोळे मिटलेले. पाय चपलेत, दोन्ही चपलेत, पाचही बोटं जागच्या जागी, एका बोटावर फक्त फिकट गुलाबी डाग. रांग थांबली. ताप थांबले, खोकले थांबले. शेवटी त्यांनी बी हातावर काढली, काळी, चकचकीत, एक धागा गर शिल्लक न ठेवता स्वच्छ केलेली.

"लिखो," ते म्हणाले. "पहले पूरा पढो. फिर जो करना सो करो."

सिस्टर म्हणाल्या, "मराठीत लिहा भाऊ, पण एक अक्षर बदलू नका."

मी लिहिलं: आधी पूर्ण वाचावे, मग काय करायचे ते करावे. 'ही नम्र विनंती' जोडू का, म्हणून सिस्टरकडं बघितलं. त्या ओळ तीनदा वाचून म्हणाल्या, "आता जोडा."

आज सकाळी टेबलाशी बसलोय आणि शेजारून शब्बीरभाईंचं मशीन चालू झालंय. लग्नसराईच्या शेरवान्या आल्यात, म्हणून ते लवकर बसलेत. वीज गेलीय, माझा कॉम्प्युटर काळा पडलाय, सबंध औरंगपुरा हातावर हात ठेवून उभा आहे. खडखड तेवढी चाललीय, सलग, दोन्ही पायांची.